देव केलेल्या मांजरांचा हिशेब

1890 सालच्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या बंदरात इजिप्तहून आलेल्या एका मालाचा लिलाव झाला. माल होता मांजरांच्या ममींचा. मध्य इजिप्तमध्ये बेनी हसनजवळ एका शेतकऱ्याला वाळूखाली मांजरांचं दफनस्थान सापडलं होतं. व्यापाऱ्यांनी तिथून ममी उपसल्या आणि खतासाठी इंग्लंडला धाडल्या. वजन भरलं 19 टनांहून जास्त, आणि मांजरं 1,80,000 असावीत असा तेव्हाचा अंदाज. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडी म्हणून एका मांजराचंच डोकं वापरलं, असं त्या वेळच्या बातम्यांत आहे. काही नग संग्रहालयात गेले. बाकीची मांजरं दळून शेतात टाकली गेली.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा हमखास हळहळतो. ज्यांना इजिप्तने देव मानलं त्यांचं गोऱ्यांनी खत केलं! हळहळ खोटी नाही. पण मला त्या आकड्यापाशी नेहमी थांबावंसं वाटतं. एवढी मांजरं एका ठिकाणी मेली कशी? म्हातारी होऊन, देवळाच्या ओसरीवर ऊन खात, एकेक करून? लिव्हरपूलच्या लिलावाबद्दल चुकचुकणारे बेनी हसनच्या देवळाला हा प्रश्न विचारत नाहीत.

प्राचीन इजिप्तच्या प्राणिपूजेबद्दल आपल्या कानावर दोनच सूर येतात. एक उपहासाचा: एवढे पिरॅमिड बांधणारी माणसं मगरीच्या पाया कशी पडत? दुसरा कौतुकाचा, आणि हल्ली समाजमाध्यमांवर त्याचीच चलती आहे: बघा, त्या लोकांना मुक्या जिवांची केवढी कदर होती, मांजर मारलं तर देहदंड! दोन्ही सूर श्रद्धेबद्दल बोलतात, प्राण्याबद्दल नाही. प्राण्याला देवपण मिळालं की त्याचा लाभ त्याला होतो की देवपण सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, हे श्रद्धेच्या वर्णनांवरून कधीच कळत नाही. त्यासाठी जमाखर्च पाहावा लागतो. इजिप्तच्या कोरड्या हवेने तो जमाखर्च जपून ठेवला आहे: थोडा हाडांत, थोडा खापरांवर, थोडा पपायरसच्या कागदावर.

आधी उपहासाचं बघू, कारण ते लवकर आटपतं. ग्रीक आणि रोमन लोकांना इजिप्तचं सगळं आवडत असे, हे एक सोडून. इजिप्त जिंकल्यावर ऑक्टेव्हियनला, म्हणजे पुढच्या रोमन सम्राट ऑगस्टसला, मेम्फिस शहरातल्या एपिस या पवित्र बैलाचं दर्शन घ्यायला सुचवलं, तेव्हा तो म्हणाला की आपल्याला देवांची पूजा करायची सवय आहे, गुरांची नाही. अलेक्झांड्रियाच्या क्लेमंट या ख्रिस्ती पंडिताने पुढे हीच थट्टा रंगवून लिहिली. देऊळ बघावं तर सोन्यारुप्याने झगमगणारं, गाभाऱ्यावर जरीचा पडदा, आणि पुजाऱ्याने तो पडदा गंभीरपणे बाजूला केला की आत जांभळ्या गादीवर लोळणारं मांजर नाहीतर मगर.

या थट्टेत इजिप्शियन लोकांचं म्हणणं ऐकूनच घेतलेलं नाही. हॅथोर देवी कुठे गाय आहे, कुठे बाई, कुठे गाईचे कान असलेली बाई, तर कुठे नुसतं एक वाद्य. ती खरोखर गायच आहे असं मानणाऱ्याने तिला इतकी रूपं दिली नसती. अनुबिसला कोल्ह्यासारखं डोकं दिलं, कारण स्मशानाच्या कडेने फिरणारा तो प्राणी, आणि अनुबिस मृतांचा रखवालदार. ते डोकं म्हणजे त्यांच्या चित्रलिपीतलं एक अक्षरच समजा. ज्यांची लिपीच प्राण्यापक्ष्यांची होती, त्यांनी देवसुद्धा त्याच लिपीत लिहिले.

मग देवळात ठेवलेला जिवंत बैल कोण? मराठी माणसाच्या तोंडी इथे चटकन ‘वाहन’ हा शब्द येतो आणि तो घोटाळा करतो. एपिस हा प्ताह देवाचा नंदी नव्हे. इजिप्शियन लेखांत त्याला प्ताहचा निरोप्या म्हटलं आहे, प्ताहचा ‘बा’ म्हटलं आहे. ‘बा’ म्हणजे देवाचं ते तत्त्व जे कुठेतरी उतरतं, वस्तीला येतं. तसं ते दगडी मूर्तीतही उतरत असे. आपल्याला जवळचा शब्द प्राणप्रतिष्ठा. फरक एवढाच की इथे मूर्ती आधीच श्वास घेत होती, चारा खात होती आणि एक दिवस मरणार होती. मेल्यावर ते देवपण दुसऱ्या बैलात जाई आणि पुजारी त्या बैलाच्या शोधात देशभर फिरत. अंग काळं, कपाळावर पांढरी खूण, जिभेखाली भुंग्याच्या आकाराची गाठ, अशी लक्षणं ग्रीक इतिहासकार हेरॉडोटसने नोंदवली आहेत.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण तिचा धागा थेट मुंबईला जोडलेला आहे. 1801 साली फ्रेंचांविरुद्ध लढायला जनरल बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानी फौज मुंबईहून जहाजांनी तांबड्या समुद्राच्या कोसेर बंदरात उतरली. तिच्यात मुंबई इलाख्याचे देशी पायदळ शिपाईही होते. वाळवंट तुडवून ही फौज नाईलकाठी केना गावी आली. नदीपलीकडे डेंडेराचं हॅथोरचं देऊळ. तिथली गाईची शिल्पं पाहून हिंदू शिपायांनी दंडवत घातलं आणि एवढं देऊळ असं मोडकळीला टाकल्याबद्दल गावकऱ्यांवर संतापले, अशी हकीकत तेव्हाच्या इंग्रजी वर्णनांत येते. काही साहेबांनी त्यावरून दोन्ही धर्मांचं मूळ एकच असा मोठा सिद्धांत काढला. सिद्धांत टिकला नाही. हॅथोर म्हणजे आपली कामधेनू नव्हे. पण दगडी गाय आणि तिच्यामागची देवी यांत अंतर असतं एवढं त्या शिपायाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. ऑक्टेव्हियनला ते अखेरपर्यंत कळलं नाही.

तेव्हा मूर्खपणाचा आरोप काढून टाकू. कौतुकाचं काय? तिथे प्रकरण अवघड आहे.

कौतुकाला पुरावे भरपूर. इ.स.पूर्व पाचव्या शतकात इजिप्त फिरलेला हेरॉडोटस सांगतो की घरातलं मांजर मेलं तर सगळं घर भुवया भादरतं आणि कुत्रं मेलं तर डोक्यासकट सगळं अंग. पवित्र प्राणी मुद्दाम मारला तर मरणाची शिक्षा, आणि आयबिस (लांब वाकड्या चोचीचा पाणपक्षी) किंवा ससाणा मारला तर चुकून मारला असला तरी सुटका नाही. त्यानंतर चारेकशे वर्षांनी आलेल्या डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने तर डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग लिहून ठेवला आहे. एका रोमन माणसाच्या हातून मांजर मेलं. चुकून मेलं. जमाव त्याच्या घरावर चालून गेला. त्या वेळी राजा टॉलेमी रोमची मर्जी संपादायला धडपडत होता, रोमनांचा रोष ओढवणं कोणालाच परवडणार नव्हतं. राजाने अधिकारी पाठवून विनवण्या केल्या. तरी लोकांनी त्या माणसाला ठार मारलं.

हे सगळं खरं मानायला माझी हरकत नाही. आता त्याच मांजरांची हाडं बघू.

ब्रिटिश म्युझियममधल्या मांजरांच्या ममींची क्ष-किरण तपासणी 1981 साली प्रसिद्ध झाली. बरीचशी मांजरं वर्ष पुरं व्हायच्या आतबाहेर मेलेली, कित्येक तर चार महिन्यांचीही नाहीत. आजाराने मेलेलं जनावर असं ठरावीक वयाला मरत नाही. अनेकांच्या माना मोडलेल्या होत्या. म्हणजे पिल्लं पैदा केली जात होती, जरा अंगाने भरली की मारली जात होती आणि पट्ट्यांत गुंडाळून भाविकांच्या हाती दिली जात होती. भाविक ती मांजराच्या रूपातल्या बास्टेट देवीला वाहत, आणि मग ती हजारोंनी एकत्र पुरली जात.

मेम्फिसजवळच्या सक्कारा या दफनभूमीतल्या अनुबिसच्या भुयारांचा अभ्यास कार्डिफ विद्यापीठाच्या पॉल निकोल्सन यांच्या चमूने केला. तिथे जवळजवळ 80 लाख प्राणी ठेवले गेले असावेत असा त्यांचा अंदाज आहे. बहुतेक कुत्री. त्यांतली पुष्कळ जन्मून काही तास किंवा काही दिवस झालेली पिल्लं. इतक्या लहान पिल्लाला वेगळं मारावंही लागत नाही, आईपासून उचललं की पुरतं.

2020 साली स्वान्सी विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ममी पट्ट्या न सोडता सूक्ष्म स्कॅनिंगने आतून पाहिल्या. एक मांजराचं पिल्लू, एक पक्षी, एक नाग. पिल्लू पाच महिन्यांच्या आतलं. नाग कोवळा होता. त्याच्या मूत्रपिंडांवर पाणी न मिळाल्याच्या खुणा होत्या आणि पाठीचे मणके असे मोडले होते की शेपटीला धरून आपटल्यावरच मोडावेत. आणि याच नागाच्या तोंडात, घशापाशी, घट्ट झालेली राळ सापडली. ती मुखोद्घाटन विधीची खूण असावी असं संशोधक म्हणतात. मेलेल्याला परलोकात बोलता यावं, खाता यावं म्हणून फेरोच्या ममीवर जो विधी करत, तोच.

मला या नागापाशी थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ज्या हातांनी त्याला तहानेलं ठेवलं आणि फरशीवर आपटलं, त्याच हातांनी किंवा शेजारच्या हातांनी त्याचं तोंड मंत्र म्हणत उघडलं. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. दोन्ही कृत्यं मनापासून केलेली असणार, आणि म्हणूनच तो नाग डोक्यातून जात नाही.

कौतुक करणारे इथे म्हणतील की तुम्ही दोन गोष्टींची सरमिसळ करताय. एपिससारखा एकच देवांश असलेला प्राणी वेगळा, देवळाच्या आवारात पाळलेले त्याचे जातभाई वेगळे आणि नवसासाठी मारलेले वेगळे. हा भेद खरा आहे, अभ्यासकही तो करतात. शिवाय मारलं म्हणजे संपवलं असं इजिप्शियन मानत नव्हते. मेलेला प्राणी ओसायरिस, म्हणजे मृतांचा देव होई, देवाकडे भाविकाचं गाऱ्हाणं घेऊन जाणारा दूत होई. चार महिन्यांचं आयुष्य देऊन त्याला अनंतकाळ मिळाला, अशी ती समजूत.

समजूत मला मान्य आहे. पण मग कायद्याचा अर्थ काय झाला ते बघा. रस्त्यात तुमच्या हातून मांजर मेलं तर तुमचा जीव जाणार. देवळाच्या पाठीमागे रोज शेकडो पिल्लांच्या माना मुरगळल्या जाणार आणि ते पुण्यकर्म ठरणार. म्हणजे ‘मांजराला मारू नये’ असा नियम नव्हताच. ‘देवळाशिवाय दुसऱ्या कोणी मारू नये’ असा होता. एका बाजूने याला पावित्र्य म्हणता येईल. दुसऱ्या बाजूने बघितलं तर ही मक्तेदारी आहे, आणि त्या रोमन माणसाला ठेचणाऱ्या जमावाला ही दुसरी बाजू कधी दिसली असेल असं वाटत नाही.

आता तिसरा एक आरोप आहे, तो मात्र मला अर्धाच पटतो. मँचेस्टरच्या संशोधकांनी 800 हून अधिक प्राण्यांच्या ममी स्कॅन केल्या. 2015 साली निष्कर्ष बाहेर आले: साधारण एक तृतीयांश ममींत पूर्ण प्राणी, एक तृतीयांशात हाडांचे काही तुकडे, आणि उरलेल्यांत प्राणी नाहीच. चिखल, काड्या, बोरू, अंड्यांची टरफलं, पिसं. वर पट्ट्यांची वीण मात्र सुबक. वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले, प्राचीन जगातला घोटाळा उघड.

आपल्या वाचकाने जरा थांबून आपल्याच देवळांकडे बघावं. डोळे बरे व्हावेत म्हणून देवीला चांदीचे डोळे वाहतात. मूल व्हावं म्हणून पाळणा बांधतात. वांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचे हातपाय वाहिले जातात, त्यांत हिंदूही असतात. मेणाच्या हातात हाड नाही म्हणून कोणी फसवणुकीची तक्रार करत नाही. नवसाची वस्तू ही खुणेची वस्तू असते. पवित्र पक्ष्याच्या घरट्यातलं पीस, त्याच्या आवारातली काडीसुद्धा पवित्र, ती गुंडाळली तरी पक्षी पोचला, असं मानणारं मन आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्या रिकाम्या ममी आवडतात. प्रत्येक रिकाम्या ममीमागे एक पिल्लू वाचलं असेल!

पण अर्धाच पटतो म्हणालो, ते वेगळ्या कारणासाठी. या कारभाराबद्दल संशय आपण आज घेतोय असं नाही, तो तेव्हाच घेतला गेला होता आणि घेणारा माणूस आतला होता. पहिल्या पिरॅमिडचा शिल्पकार इमहोटेप याची कबर शोधत असताना वॉल्टर एमरी या पुरातत्त्वज्ञाला 1960 च्या दशकात सक्काऱ्याला कबर मिळाली नाही, आयबिस पक्ष्यांची भुयारं मिळाली. मातीच्या निमुळत्या घटांत बंद केलेले लाखो पक्षी छतापर्यंत रचलेले. त्याच परिसरात काही खापरं सापडली, त्यांवर डेमोटिक, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या इजिप्शियन लिपीतला मजकूर. लिहिणारा होर नावाचा, सेबेनितोस गावाकडचा, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकात थोथ देवाच्या सेवेत असलेला माणूस. आयबिस हा थोथचाच पवित्र पक्षी. ही खापरं म्हणजे त्याच्या अर्जांचे कच्चे खर्डे. स्वप्नांची टिपणं, राजाला द्यायचे निरोप, आणि तक्रारी.

होर लिहितो की 60,000 आयबिसांना रोज खायला घालायचं असतं. आणि पक्ष्यांच्या दफनात गैरकारभार चालला होता. चौकशी बसली, काही सेवकांना पकडण्यात आलं, आणि नियम घालून देण्यात आला: एका घटात एकच देव. असा नियम कागदावर आणावा लागला यातच सगळं आलं. एका घटात एक पक्षी निघत नव्हता. कधी अनेक, कधी कुठला तरी अर्धामुर्धा. भाविकाने एका देवाचे पैसे मोजले होते आणि घटात काय आहे हे झाकण लागल्यावर त्याला कधीच कळणार नव्हतं. म्हणून मी म्हणतो, काडी गुंडाळणं ही फसवणूक नाही, पण पूर्ण पक्ष्याचे पैसे घेऊन काडी गुंडाळणं आहे. आणि हा फरक होरलाही कळत होता. त्याला ‘घोटाळा’ म्हणायला आधुनिक पत्रकाराची गरज पडली नाही.

60,000 पक्षी पोसायचे म्हणजे चारा आला, जमिनी आल्या, राखणारे, भरणारे, घट घडवणारे कुंभार, पट्ट्यांचं कापड विणणारे, राळ आणणारे व्यापारी, सगळं आलं. 2019 साली आयबिसांच्या 14 ममींतला डीएनए तपासला तेव्हा तो जंगली पक्ष्यांइतकाच विविध निघाला. म्हणजे मोठ्या बंदिस्त पैदास-केंद्रांऐवजी पक्षी बाहेरून पकडून आणत असावेत, किंवा थोडा काळच पाळत असावेत. तसं असेल तर पारध्यांचाही त्यात वाटा होता. पवित्र आयबिस हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इजिप्तमधून नाहीसा झाला, आणि आता त्याला बघायला इजिप्तमध्ये भुयारातच जावं लागतं. त्याच्या नाहीसं होण्याचं खापर मी थोथच्या पुजाऱ्यांवर फोडत नाही. मधे बराच काळ गेला, पाणथळ जागाही गेल्या. पण ज्या देशात तो लाखोंनी देव झाला तिथे तो पक्षी म्हणून टिकला नाही, ही नोंद चुकवून चालणार नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे तर एपिसकडे परत जाऊ. 1850-51 मध्ये ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने सक्काऱ्याचं सेरापियम, म्हणजे एपिस बैलांचं दफनस्थान, शोधून काढलं. वाळूतून डोकावणारं स्फिंक्सचं एक मस्तक पाहून त्याला प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने केलेलं वर्णन आठवलं, आणि तो खणत गेला. खाली लांबच लांब बोगदा आणि दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत ग्रॅनाइटच्या अजस्र शवपेट्या. एकेका पेटीचं वजन 60 टनांच्या पुढे. एका बैलासाठी एक. डायोडोरस सांगतो, अलेक्झांडरनंतर टॉलेमीच्या हाती सत्ता आली त्या सुमाराला एक एपिस म्हातारपणाने मेला, तेव्हा त्याच्या रखवालदाराने होतं नव्हतं ते सगळं अंत्यविधीवर उधळलं आणि वर टॉलेमीकडून 50 टॅलेंट चांदी उसनी घेतली. एक टॅलेंट म्हणजे साधारण 26 किलो.

राजांना हा खर्च परवडत होता, कारण त्यातून मिळणारी गोष्ट बाजारात मिळत नव्हती. टॉलेमी घराणं मॅसेडोनियन, भाषा ग्रीक. देश त्यांना परका आणि ते देशाला परके. बैलाच्या अंत्ययात्रेचा खर्च उचलला की परका राजा एका दिवसात फेरो होई. रोझेटा शिला आपल्याला लिपी उलगडणारा दगड म्हणून ठाऊक आहे. इ.स.पूर्व 196 मधला तो मजकूर वाचलाय किती जणांनी? त्यात पाचव्या टॉलेमीची जी कामं गौरवाने मोजली आहेत, त्यांत एपिस, मेनेविस हा दुसरा पवित्र बैल आणि इतर पवित्र प्राण्यांना त्याने आधीच्या राजांपेक्षा जास्त दिलं, हे एक आहे.

याची उलटी बाजू कॅम्बिसिसच्या गोष्टीत दिसते. हा इराणी सम्राट इ.स.पूर्व 525 मध्ये इजिप्त जिंकून बसला. हेरॉडोटसच्या कथेप्रमाणे त्याने एपिसच्या मांडीत कट्यार खुपसली, पुजाऱ्यांना फटके मारवले आणि बैल तळमळून मेला. अडीच हजार वर्षं ही गोष्ट माथेफिरू परकीयाचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण सेरापियममध्ये जे सापडलं ते वेगळं बोलतं. इ.स.पूर्व 524 मध्ये एक एपिस रीतसर पुरला गेला, आणि त्याच्या पेटीवर ती कॅम्बिसिसने करवून दिल्याचा लेख आहे. मग गोष्ट आली कुठून? एका जुन्या डेमोटिक पपायरसच्या पाठीवर कॅम्बिसिसचा हुकूम नोंदलेला आहे: बऱ्याच देवळांना राज्याकडून मिळणाऱ्या नेमणुका त्याने छाटल्या. दोन्ही पुरावे शेजारी ठेवून अभ्यासकांनी जो अर्थ लावला तो मला पटतो. त्याने बैलाला हातही लावला नव्हता, हात लावला होता तो अनुदानाला. पण ‘आमची नेमणूक कापली’ म्हणून गावोगाव लोक पेटत नाहीत. ‘आमचा बैल मारला’ म्हटलं की पेटतात.

बैलाच्या नावाने राजे आणि पुजारी काय करत होते हे सांगितलं. खालच्या पायरीवर काय चाललं होतं? तेही कागदावर आहे. थाउएस आणि ताउस नावाच्या दोघी जुळ्या बहिणी होत्या. आईने बापाला सोडून एका ग्रीक सैनिकाशी घरोबा केला, बाप परागंदा होऊन मेला, आणि आईने पोरींना घराबाहेर काढलं. सेरापियमच्या आवारात बापाचा एक ओळखीचा, टॉलेमाइओस नावाचा माणूस देवाच्या आश्रयाला राहत होता. त्याने त्यांना थारा दिला. इ.स.पूर्व 164 मध्ये एपिस मेला. त्याच्यापुढे आयसिस आणि नेफ्थिस या देवी-बहिणींच्या रूपात बसून शोक करायला जुळ्या मुली लागत. या दोघींना ते काम मिळालं. मोबदला म्हणून भाकरी आणि तेलाचा वाटा ठरला.

तो वाटा त्यांना वेळेवर मिळेना. मधल्या मधे गायब होऊ लागला. टॉलेमाइओसने त्यांच्या वतीने अर्जांमागून अर्ज लिहिले, अधिकाऱ्यांना आणि थेट राजाराणीलाही. ते पपायरस शिल्लक आहेत. ज्या देवळात बैलाला एका दगडात कोरलेली पेटी मिळते, त्याच देवळात त्या बैलासाठी रडणाऱ्या मुलींना भाकरीसाठी सरकारदरबारी अर्ज करावे लागतात. एपिसच्या दर्शनाला आलेल्या कुणाही प्रवाशाने हे लिहिलेलं नाही. प्रवासी बैल बघायला आले होते.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. असं खाली बघत बसलं तर जगातला कुठलाच धर्म सुटणार नाही. प्रत्येक देवळामागे कोठार असतं आणि प्रत्येक कोठारात उंदीर. मग इजिप्तलाच का धरायचं? एक तर इजिप्तबद्दल कौतुकाची मोहीम जोरात आहे आणि तिच्या बाजूला हाडं ठेवणं भाग आहे. दुसरं म्हणजे इथे व्यवस्थेचा माल सजीव होता. चांदीच्या डोळ्यांच्या व्यवहारात लबाडी झाली तर भाविकाचे पैसे जातात. मांजराच्या व्यवहारात सगळं अगदी प्रामाणिकपणे झालं, तरी मांजर जातंच.

हेही लक्षात घेतलं पाहिजे की हा प्रकार इजिप्तच्या तीन हजार वर्षांत सारखा नव्हता. एपिसची पूजा पहिल्या राजवंशाइतकी जुनी आहे. अमेनहोटेप तिसऱ्याच्या राजपुत्राने, थुतमोसने, आपल्या लाडक्या ‘ता-मिऊ’ मांजरीसाठी चुनखडीची कोरीव पेटी करवून घेतली होती, ती आजही पाहायला मिळते. तो मला निखळ लोभ वाटतो, एका माणसाचा एका मांजरीवरचा. लाखोंनी पुरण्याची लाट त्यानंतर कित्येक शतकांनी, इ.स.पूर्व सातव्या-सहाव्या शतकापासून उठली आणि इराणी, ग्रीक, रोमन सत्तांखाली फुगत गेली. राज्य परक्यांचं झालं तसतसं ‘आम्ही कोण’ हे सांगायला प्राणी उपयोगी पडू लागले, असं बरेच अभ्यासक मानतात. परक्यांना जे सर्वांत विचित्र वाटतं तेच आपलं म्हणून घट्ट धरायचं, ही खोड फक्त इजिप्तची नव्हे. पण अशा वेळी प्राण्याच्या अंगावर ओझं किती वाढतं! ता-मिऊला फक्त थुतमोसची मांजर व्हायचं होतं. बेनी हसनच्या पिल्लांना एका अख्ख्या लोकसमूहाचा स्वाभिमान व्हावं लागलं.

शेवटी थोथच्या बबून माकडांबद्दल. सूर्य उगवताना बबून हात वर करून ओरडतात, म्हणजे ते सूर्याची आराधना करतात, असं इजिप्शियन मानत. इजिप्तमध्ये बबून नैसर्गिकरीत्या होत नाहीत. ते तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाकडून आणावे लागत. 2023 साली एका ममीच्या डीएनएवरून ते ठिकाण आजच्या इरिट्रियाच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन भिडवता आलं. लक्झरच्या पश्चिम तीरावर गब्बानत अल-कुरूद, म्हणजे माकडांची दरी, नावाची जागा आहे. तिथून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या ममी फ्रान्समध्ये लिओंच्या संग्रहालयात आहेत. त्या पुन्हा तपासल्या, तेव्हा किमान 36 बबून मोजता आले. त्यांतल्या जेमतेम चौघांची हाडं धड होती. बाकीच्यांची वाकलेली, खुरटलेली, मुडदुसाने पिडलेली. अन्न अपुरं होतं आणि त्याहून मोठं कारण म्हणजे ते उजेडात वाढलेच नव्हते. उंच भिंतींच्या किंवा बंद जागेत त्यांना ठेवलं असणार.

नदीच्या पलीकडच्या तीरावर लक्झरच्या देवळापुढे रामसेस दुसऱ्याने ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळते दगडी स्तंभ, उभारले होते. त्यांच्या पायथ्याशी दगडी बबून कोरलेले आहेत, दोन्ही हात वर केलेले. त्यांतले काही पॅरिसला नेले, काही अजून तिथेच आहेत. रोज सकाळी त्यांच्या तळहातांवर ऊन पडतं.